घणसोलीतली पथ्याची पंगत

प्रवासवर्णन लिहायला बसले आहे म्हटल्यावर आमच्या ह्यांनी चष्मा काढून विचारलं, "कुठलं?" मी म्हटलं, "घणसोलीचं." ते हसले नाहीत, एवढाच त्यांचा मोठेपणा. लोक लडाखला जाऊन येतात आणि लिहितात. मी साताऱ्याहून निघाले, तीन दिवस नवी मुंबईत काढले आणि परत आले. तरीही लिहिते आहे. ज्या शहरात मी चौदा वर्षं दवाखाना चालवला, त्याच्या पोटातल्या एका गावात मी यावेळी पहिल्यांदा पाय ठेवला, आणि तिथे जे पाहिलं ते काही केल्या मनातून जात नाही.

आधी माझी ओळख. मी आहारतज्ज्ञ. सुरुवातीची वर्षं रुग्णालयात पेशंटच्या ताटातलं मीठ मोजण्यात गेली, मग वाशीला स्वतःची खोली घेतली. त्याच सुमारास 'अँटी-इन्फ्लमेटरी' खाण्याची हवा आली आणि मी तिच्यावर स्वार झाले. शरीराच्या आत धुमसणारी सूज खाण्यातून वाढते आणि खाण्यातूनच उतरते, हे मी सोसायट्यांच्या हॉलमधून इतक्यांदा सांगितलं की झोपेतही म्हणून दाखवीन. त्यात तथ्य नव्हतं असं नाही. पण जेवढं होतं त्याहून चार पावलं पुढे जाऊन मी बोलायचे. वांगं, बटाटा, टोमॅटो बंद. पांढरा भात बंद. सुकी मासळी, तळण, मैदा, साखर बंद. लोक माना डोलवायचे आणि मलाही ते आवडायचं. दोन वर्षांपूर्वी सासूबाईंच्या आजारपणासाठी दवाखाना बंद करून साताऱ्याला आले, तेव्हा भाषणांची सवय मात्र बरोबर आली.

यंदा वैशाखात दोन बोलावणी एकदम आली. एक खांदेश्वरच्या एका सोसायटीतल्या महिला मंडळाचं, व्याख्यानाचं. दुसरं घणसोली गावातल्या सुगंधा म्हात्रेचं, तिच्या मुलाच्या हळदीचं. सुगंधा सहा वर्षं माझी पेशंट होती. एका दगडात दोन पक्षी म्हणून मी निघाले.

शुक्रवार, खांदेश्वर

उतरले चुलतबहीण शैलाकडे. शैलाला माझ्या व्यवसायाचं भय वाटतं. मी यायच्या आधी ती फरसाणाचे डबे माळ्यावर टाकते आणि मला नाचणीची आंबील देते. मग मी आंघोळीला गेले की स्वतः खारी खाते. मला ते तीस वर्षांपासून माहीत आहे, पण आम्ही दोघींनी कधी विषय काढलेला नाही.

व्याख्यान संध्याकाळी पाचला क्लबहाऊसमध्ये होतं. साठेक बायका, दोन पंखे, आणि मागच्या टेबलावर झाकून ठेवलेले समोसे. नवी मुंबईतली ही रीत मला नेहमीच आवडत आली आहे. आधी तळणाची निंदा ऐकायची, मग तळण खायचं, आणि दोन्ही मनापासून. आमच्या साताऱ्यात व्याख्यान आरोग्याचं असेल तर लोक निदान घरी जाईपर्यंत तरी दम धरतात.

शेवटी मी सुगंधाची गोष्ट सांगितली. नाव न घेता, नेहमीप्रमाणे. संधिवाताने बोटं वाकलेली एक आगरी बाई. घरात भात आणि सुकी मासळी, त्यात लग्नसराईत आठवड्याला दोन-तीन हळदी, आणि हळदीला न जेवता येणं म्हणजे यजमानाचा अपमान. तिला मी म्हटलं, जरूर जा, पण आपला डबा घेऊन जा. आणि ती गेली. भर मांडवात, सगळ्या गावासमोर, तिने स्वतःचा डबा उघडला. आज तिची बोटं सरळ आहेत. (सांधेतज्ज्ञांच्या गोळ्या चालूच होत्या. तेवढं वाक्य मी जरा भरभर म्हणते.)

टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी विचारलं, "पण तिला लोक काही बोलले नाहीत का?"

"बोलणारे बोलतात," मी म्हटलं, "सांधे आपले असतात."

पुन्हा टाळ्या. हे उत्तर माझं ठरलेलं होतं आणि ते कधी वाया गेलेलं नव्हतं. त्यानंतर मी एक समोसा खाल्ला, अर्धा असं सांगून.

शनिवार, रबाळे आणि घणसोली गाव

हळद रविवारी होती. पण सुगंधाने फोनवर दोनदा सांगितलं होतं, "आदल्या दिशी येवा, काम हाय तुमच्याकरं." लग्नघरी माझ्याकडे कसलं काम असणार ते कळेना, म्हणून दुपारच्या आतच निघाले.

रिक्षावाला पाटणकडचा निघाला. मी "घणसोली" म्हटल्यावर त्याने विचारलं, "गाव का नोड?" मी ठसक्यात म्हटलं, "घणसोली म्हणजे घणसोली, मी चौदा वर्षं राहिलेय इथं." त्याने मान हलवली आणि मला नोडात, म्हणजे सिडकोने वसवलेल्या सेक्टरमधल्या टॉवरांखाली, आणून उभं केलं. तिथून वळसा घालून निघालो, तर रस्ता खणलेला. मग रबाळ्याच्या कारखान्यांमधून जाताना चाक पंक्चर.

"टेन्शन नका घेऊ ताई, धा मिनटांत बसवतो," तो म्हणाला. "तवर वडापाव खावा. हितला फेमस हाय."

"तेल आजचं आहे का?"

"तेल आजचंच हाय. वडा कालचा असंल."

कारखान्याच्या फाटकासमोर उभं राहून, युनिफॉर्ममधल्या कामगारांच्या घोळक्यात, मी तो वडापाव सबंध खाल्ला. गरम होता आणि चटणी झणझणीत होती. इतक्या वर्षांत मी या भागात एकदाही उतरले नव्हते. पेशंट माझ्याकडे येत, मी त्यांच्याकडे कशाला जाणार?

घणसोली गाव म्हणजे टॉवरांच्या पायथ्याशी दाटीवाटीने बसलेली घरं. गल्ली एवढी अरुंद की समोरून स्कूटर आली तर एकाने कुणाच्या तरी ओटीवर चढायचं. खाली भाड्याच्या खोल्या, वर मालक, त्याच्यावर पाण्याच्या टाक्या. भातशेती गेली, पण दारात मासळी वाळत घातलेली होती आणि उन्हात तिचा वास दाटला होता.

सुगंधा दारातच होती. "आयल्या मॅडम? मना वाटला, नाय येनार तुमी." तिने माझा हात धरला. बोटं खरंच बरी होती, पकड घट्ट होती. मला फार बरं वाटलं, ते इथे लपवत नाही.

आत भिंतीवर माझी यादी लॅमिनेट करून लावलेली. डावीकडे हिरव्या अक्षरांत 'खा', उजवीकडे लाल अक्षरांत 'टाळा'. तिने मला हळदीचं पाणी आणि भाजलेले मखाणे दिले. मला चहा हवा होता, पण माझ्याच यादीखाली बसून मागवेना.

मग लक्षात आलं की घर फार शांत आहे. आमच्याकडे लग्न चार दिवसांवर आलं की घरात स्वतःचा आवाज ऐकू येत नाही. कुणी गहू निवडतंय, कुणी रुसलंय, कुणाची समजूत चाललीय. इथे उद्या हळद आणि आज फक्त नवरा-बायको आणि पंख्याची घरघर. मुलगा मित्रांबरोबर मांडवाचं बघायला गेला होता.

"उद्या बायका कधी येतात?" मी सहज विचारलं.

"येतील का, तेच बगायचा हाय," सुगंधा म्हणाली.

मग तिने सांगितलं. हळदीच्या दिवशी सकाळी भावकीतल्या आणि आळीतल्या बायका तांदळाच्या भाकऱ्या करायला येतात, आणि दुपारी त्याच घरी पंगतीला बसतात. संध्याकाळी गाव जेवतं ते त्यांच्या हातच्या भाकऱ्यांवर. नवरा म्हणत होता, केटररला सांगू. ती तयार नव्हती. "केटररच्या भाकऱ्या म्हंजे या घराला कोन नाय. पोराची सासरची मानसा काय बोलतील? माझे हातच्या भाकऱ्या अख्खे गावानं खाल्ल्यान, मॅडम. आता माझे दारात कोन येत नाय."

"का?"

तिने उठून पायात चपला सरकवल्या. मग म्हणाली, "तुमी चला माझे बरोबर. मथुराबायला सांगा, डाक्टरीनबायनी सांगितला होता म्हनून मी डबा नेला. ती आयली तर आळी येल."

मथुराबाई म्हणजे तिची थोरली जाऊ, समोरच्याच घरात राहणारी. ओटीवर बसून सुकट निवडत होती. साठीची, नाकात मोठी नथ, आवाज खणखणीत. सुगंधा तिला 'बाय' म्हणते. आम्हाला बघून तिने सूप बाजूला सारलं नाही, पण बसायला पाट दिला.

मी बोलायला लागले. संधिवात, आतली सूज, कोणतं खाणं कशाला चालत नाही. भाषणाची पहिली दहा मिनिटं जवळपास जशीच्या तशी म्हटली. मथुराबाईने सगळं ऐकून घेतलं.

"झाला?" तिने विचारलं. "हिची बोटा बरी झाली, त्याचा मना आनंद हाय. पन तुमाला एक सांगते. माझे पोरीची हळद होती. ही डबा घेऊन आयली. ठीक हाय, नको खाव. पन मी हिला ताट वाढला, मानाचा. हिनं काय केला, त्या ताटाचा फोटो काडला न तुमाला पाठवला. मंग तुमचा आयला. लाल फुली." तिने सुकटीतली एक काडी उचलून टाकली. "पोरींनी बगितली ती फुली. माझे पोरीचे हळदीचे ताटावर."

माझी ती पद्धतच होती. पेशंटने जेवणाआधी ताटाचा फोटो पाठवायचा, मी हिरवी खूण किंवा लाल फुली पाठवायची. शिस्त लागते म्हणून. दिवसाला कितीतरी फुल्या मारत असे, कधी टीव्ही बघता बघता, कधी भाजी चिरता चिरता. ते ताट मला आठवलं नाही. खूप आठवायचा प्रयत्न केला, पण नाही आठवलं.

"मला माहीत नव्हतं ते हळदीचं ताट होतं," मी म्हटलं.

"हिला ठावं होता ना." सुगंधा खाली मान घालून उभी होती. "त्याचे मंग दर हळदीला डबा. कोनाकं नैवेद्याला बोलावला तरी डबा. माळ घातली असती ना हिनं, तर हिच्यासाठी मी येगळी चूल मांडली असती. आमचेकरं हायत माळकरी, त्यांचा कोनाला राग येत नाय."

आमच्याकडेही तसंच आहे. पाहुणा म्हणाला उपास आहे, की पाच मिनिटांत साबुदाणा भिजत पडतो. देवासाठी सोडलेलं घरच्या बाईला कळतं आणि ती त्याची सोय करते. मी सुगंधाला उपास सांगायला शिकवलं नाही, जाऊन भाकऱ्या थाप आणि जेवताना नुसता घासभर घे असंही सांगितलं नाही. डबा उघडून बस म्हटलं, कारण तो माझ्या भाषणात शोभून दिसायचा. हे त्या ओटीवर बसल्या बसल्या मला कळलं, आणि वाईट वाटण्यापेक्षा आधी लाजच वाटली.

मी माफी मागितली. मथुराबाई म्हणाली, "तुमची कशाला. येन मी उद्या. पोराची हळद हाय, पोराचा काय दोष? सगळ्यांना घेऊन येन."

परत येताना सुगंधा गल्लीतल्या गल्लीत मला तीनदा म्हणाली, "बगा, तुमी आयल्या म्हनून झाला." आणि मी ते खरं मानलं.

रविवार, हळद

मथुराबाईने शब्द पाळला. नऊच्या सुमाराला दहा-बारा जणी आल्या. मागच्या मोकळ्या जागेत चार चुली पेटल्या, परातींत उकड मळली जाऊ लागली. ती भाकरी पोळपाटावर होत नाही. पाण्याचा हात लावून दोन तळव्यांच्या मध्ये ती फिरवत, थोपटत वाढवायची असते, आणि तव्यावर टाकेपर्यंत ती कागदासारखी पातळ झालेली असते. मी एक करून बघितली. तिचे हातातच दोन तुकडे झाले आणि पहिल्यांदा सगळ्या हसल्या. सुगंधाही चुलीशी बसली होती. तिच्या दोन भाकऱ्या मोडल्या, तिसरी गोल उतरली. मथुराबाईने ती तव्यावरून काढून ढिगाच्या वर ठेवली.

गप्पा चालल्या होत्या, गाणीही झाली. मला वाटलं, सुटलं सगळं.

दुपारचं जेवण सुगंधाने एकटीने केलं होतं, पहाटेपासून खपून. भात, मटणाचा रस्सा, वांगं घातलेली सुकट. तिच्या भिंतीवरची उजवी बाजू जवळजवळ पूर्ण. स्वतः ती त्यातलं काही खाणार नव्हती, पण तिची चव चुकली नव्हती, वास सांगत होता. तिने मांडवात पट्ट्या अंथरल्या, पत्रावळी मांडल्या, पाणी ठेवलं. बायका हात धुऊन बसल्या. मी टोकाला बसले. सुगंधाने माझ्यापासून वाढायला सुरुवात केली.

ती दुसऱ्या पत्रावळीपाशी आली तेव्हा मथुराबाईने पाठीमागची पिशवी पुढे ओढली आणि डबा काढला. तिच्या शेजारणीने काढला. मग तिच्याही शेजारणीने. स्टीलचे, प्लास्टिकचे, एकीचा तर पोराच्या शाळेचा होता, कार्टून असलेला. सगळ्या पंगतीने पत्रावळी अलगद बाजूला सरकवल्या आणि डब्यांची झाकणं उघडली.

"आमचा पथ्य हाय," मथुराबाई म्हणाली. आवाजात राग नव्हता.

कुणी हसलं नाही. कुणी वर बघितलं नाही. सुगंधा भाताचं पातेलं कमरेला लावून उभी होती, आणि चमच्यातला भात हळूहळू परत पातेल्यात पडत होता. तिचा नवरा दारात आला आणि तसाच मागे फिरला.

मी उठले. काहीतरी बोलायला हवं होतं. तोंड उघडलं, आणि जे शब्द तोंडाशी आले ते पुन्हा सूज, सांधे, आजार हेच होते. तेवढंच मला येतं. मी परत खाली बसले. माझ्या पत्रावळीवर वाढलेला भात होता, सगळ्या मांडवात फक्त माझ्याच.

सुगंधाने पातेलं खाली ठेवलं. पदराला हात पुसले. एक कोरी पत्रावळ उचलून ती मथुराबाईच्या समोर जाऊन बसली. खाली बसताना तिला गुडघ्यावर हात टेकावा लागला.

"बाय," ती म्हणाली, "मना वाढ. तुजे डब्यातला."

मथुराबाईने डब्यातली अर्धी भाकरी मोडून पत्रावळीवर ठेवली आणि तिच्यावर वांगं-सुकट घातलं, भरपूर. सुगंधाने घास केला. हात तोंडाशी नेला आणि थांबला. मान वळवून तिने पंगतीच्या टोकाला बघितलं. माझ्याकडे.

मी मान हलवली. होकाराची.

"तिचेकरं काय बगतंस?" मथुराबाई म्हणाली. "वाढलाय मी."

सुगंधाने घास खाल्ला. मग दुसरा खाल्ला. ती रडत होती की तिखटाने पाणी आलं होतं, ते मला एवढ्या लांबून कळलं नाही. मथुराबाईने डब्याला झाकण लावलं, पत्रावळ पुन्हा पुढे ओढली आणि म्हणाली, "आन तुजा भात. निवला असंल." एकेक करून झाकणं लागली.

त्या दिवशी मी पोटभर जेवले आणि संध्याकाळी हळद लावूनच निघाले. येताना सुगंधाने बारा भाकऱ्या बांधून दिल्या. साताऱ्याला पोचेपर्यंत त्या कडक झाल्या होत्या, तरी आमच्या ह्यांनी दुधात कुस्करून खाल्ल्या. खांदेश्वरच्या मंडळातून फोन आला, पुढच्या महिन्यात पुन्हा याल का, ती डब्यावाल्या बाईची गोष्ट सगळ्यांना फार आवडली. मी नाही म्हटलं.

सहा वर्षं ती मला विचारून जेवली. त्या दुपारीसुद्धा, तिच्या गावात, तिच्या मुलाच्या मांडवात, तिच्या जावेने वाढलेला घास खाण्याआधी तिने मला विचारलं, आणि मी परवानगी दिली. नको म्हणण्याचा तर प्रश्नच नव्हता. पण हो म्हणणारी तरी मी कोण होते? मला नुसतं खाली माझ्या भाताकडे बघता आलं असतं.